निर्मळ पाण्याची कैफियत

एखादे अनिष्ट आपल्या दाराशी येऊन उभे राहिले म्हणजे त्याचे कारण दाराच्या आसपासच कोठेतरी शोधावे, ही मनुष्याच्या बुद्धीची जुनी खोड आहे. आणि जे कारण जवळ सापडते ते बहुधा जवळच्याच कोणा दुबळ्या माणसाच्या माथी मारता येते, म्हणून ती खोड सोयीचीही ठरते. यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व अंगाला, वणीहून करंजीकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले मारेगाव आणि त्याच्या भोवतालचा मुलूख यांचे उदाहरण या दृष्टीने मननीय आहे. वऱ्हाडच्या मुलकी दप्तरात १९०५ पर्यंत या जिल्ह्याचेच नाव वणी असे होते. आज मारेगाव, वणी, झरी-जामणी आणि केळापूर म्हणजे पांढरकवडा, हे शेजारशेजारचे तालुके सरकारी कागदपत्रांत आणखी एका निमित्ताने एकत्र येतात. ते निमित्त म्हणजे तेथील कित्येक कूपनलिकांच्या पाण्यात आढळणारे फ्लोराईड.

ज्या गावाच्या पिण्याच्या पाण्यात हे द्रव्य मर्यादेबाहेर असते, तेथे सर्वसामान्य प्रगतीच्या कल्पनेला छेद देणारी एक स्थिती उत्पन्न होते. ज्या वृद्धांनी बालपणी उघड्या विहिरीचे किंवा नाल्यात खोदलेल्या झिऱ्याचे गढूळ पाणी पिऊन दिवस काढले, त्यांचे उरलेसुरले दात पांढरे असतात. आणि ज्यांच्या जन्माआधीच गावात हापशी बसली होती, ज्यांना झाकलेल्या, खोल आणि जंतुरहित पाण्याचा लाभ पाळण्यापासून मिळाला, त्यांच्या दातांवर तपकिरी पट्टे उमटलेले असतात. दूरच्या गावाहून लग्न होऊन आलेल्या सुनेचे दात निष्कलंक, आणि तिच्याच पोटी जन्मलेल्या लेकराचे दात डागाळलेले! पाण्यातील प्रमाण अधिक असेल आणि ते वर्षानुवर्षे पोटात जात असेल, तर दुखणे दातांवर थांबत नाही. मान वळत नाही, कंबर वाकत नाही, सांधे आखडतात, आणि ज्या मुलांच्या आहारात कॅल्शियम तुटपुंजे असते त्यांचे पायही वाकडे होऊ लागतात. सुधारणेने रोग घटावेत हा आपला नित्याचा हिशेब; येथे मात्र तो हिशेब उलटा लागतो, आणि तो उलटा का लागतो याचा खुलासा कोणत्याही एका खात्याच्या दप्तरात सापडत नाही.

जवळचे खुलासे अर्थातच तयार असतात. दात डागाळले, तर पोरगा तंबाखू-सुपारीचा खर्रा खात असेल. दात घासत नसेल. काळी चाय फार पीत असेल. सांधे धरले, तर वाताचा विकार असेल, किंवा वय झाले असेल. कोलाम आदिवासींच्या पोडावरची, म्हणजे वस्तीवरची, माणसे असतील तर शहाण्यासुरत्या लोकांना आणखी सोपे जाते, कारण अस्वच्छता आणि अज्ञान हे दोन आरोप त्यांच्यावर पुराव्याशिवाय करता येतात. विदर्भात खर्ऱ्याचे व्यसन भयंकर आहे आणि त्याने तोंडाची काय दशा होते हे कोणीही नाकारणार नाही. परंतु खर्ऱ्याचा डाग दाताच्या वरून बसतो, जेथे चघळले जाते तेथे दाट होतो, आणि दंतवैद्याने खरवडला तर बऱ्याच अंशी निघतो. फ्लोराईडचा डाग दाताच्या घडणीतलाच असतो. तो डाव्या-उजव्या बाजूच्या जोडीच्या दातांवर सारख्याच पातळीवर आडवा उमटतो, आणि कितीही घासले तरी जात नाही. दात हिरडीतून बाहेर येतो तेव्हाच त्या डागाचे मूळ त्याच्यासह जन्म घेते. त्या वयाच्या मुलाला व्यसनाचा दोष देणे म्हणजे फिर्यादीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यासारखे आहे.

दाताच्या वरचे कवच, ज्याला दंतवल्क किंवा एनॅमल म्हणतात, ते जबड्याच्या आत बालपणीच घडते. साधारणपणे आठव्या वर्षापर्यंत पुढच्या दातांचे हे काम संपून जाते, आणि त्यानंतर त्या कवचात कोणतीही नवी भर पडत नाही. घडणीच्या काळात शरीरात फ्लोराईड अधिक झाले म्हणजे कवचातील खनिजांची रचना विस्कळीत होते, ते सच्छिद्र राहते, आणि पुढे त्या छिद्रांत रंग धरतो. म्हणून मनुष्याचा दात हा तलाठ्याच्या फेरफार नोंदवहीसारखा असतो: आठ वर्षांच्या आत त्याने कोणत्या जमिनीतले पाणी प्यायले याची नोंद त्यात एकदा झाली की पुढे ती कोणाला खोडता येत नाही. सुनेचे दात तिच्या माहेरच्या पाण्याची साक्ष देतात आणि मुलाचे दात तिच्या सासरच्या पाण्याची. हाडांची गोष्ट निराळी आहे. हाड आयुष्यभर मोडत व घडत राहते, त्यामुळे शोषलेल्या फ्लोराईडचा मोठा वाटा त्यात जन्मभर साचत जातो. आणि म्हणूनच सुनेचे दात वाचले तरी तिची कंबर वाचेल, अशी हमी कोणालाही देता येत नाही.

हे कोडे प्रथम सुटले ते येथून हजारो मैलांवर. अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी १९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचा एक तरुण दंतवैद्य आला आणि तेथे जन्मलेल्या लोकांचे दात तपकिरी पाहून चकित झाला. गावकऱ्यांकडे खुलासे होतेच: डुकराचे मांस फार खाल्ल्याने, निकस दुधाने, पाण्यातील चुन्याने! मॅकेने जवळजवळ तीन दशके हा प्रश्न सोडला नाही. आयडाहो संस्थानातील ओकली या गावी १९२३ साली पालकांनी त्याला सांगितले, की गावाला पाच मैलांवरच्या एका उष्ण झऱ्याचे पाणी नळाने आणल्यापासून मुलांचे दात डागाळू लागले आहेत. पाण्यात काय आहे हे त्यालाही सांगता आले नाही. तरी तो नळ सोडून दुसऱ्या झऱ्याचे पाणी घ्या असा सल्ला त्याने दिला, गावाने तो मानला, आणि पुढे जन्मलेल्या मुलांचे दात स्वच्छ निघाले. आर्कन्सॉमधील बॉक्साईट ही ॲल्युमिनियमच्या एका बड्या कंपनीची वसाहत. तेथे १९०९ साली उथळ विहिरी सोडून खोल विहिरींचे पाणी घेण्यास प्रारंभ झाला होता, आणि त्यानंतरच्या मुलांचे दात बिघडले होते. आपल्या धातूवर आळ येईल या धास्तीने कंपनीचा प्रमुख रसायनज्ञ चर्चिल याने त्या पाण्याचे सूक्ष्म पृथक्करण केले आणि १९३१ साली त्यात ॲल्युमिनियमऐवजी फ्लोराईडचे विलक्षण प्रमाण सापडले. कंपनी आपली अब्रू वाचवायला गेली आणि त्या ओघात एका पिढीचे कोडे सुटले. ज्ञानाच्या इतिहासात हेतू आणि फळ यांची अशी फारकत वारंवार दिसते.

या हकिगतीत मारेगावच्या वाचकाने एक गोष्ट टिपून ठेवावी. ओकली काय किंवा बॉक्साईट काय, दोन्ही ठिकाणी दोष आला तो नव्या, सुधारलेल्या पाणीपुरवठ्याबरोबर. आणि ही विद्या परदेशातच अडकून पडली असेही नव्हे. मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात लोकांची हाडे ताठरतात याचे कारण पाण्यातील फ्लोराईड आहे, हे शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली प्रसिद्ध केले होते. झिर्कोनियम आणि ॲलिझरिन यांच्या रंगबदलावरून पाण्यातले फ्लोराईड मोजण्याची परीक्षाही त्याच दशकात रूढ झाली होती. म्हणजे मारेगावाकडच्या जमिनीत पहिली कूपनलिका उतरण्याच्या कितीतरी आधी रोग माहीत होता, कारण माहीत होते आणि कसोटीही हाताशी होती.

मग पाणी खोल गेल्याने असे काय होते? मारेगावचा परिसर हा दख्खनच्या काळ्या दगडाची, म्हणजे बसाल्टची, पूर्वेकडची किनार आहे. पश्चिमेला सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर. ते जसजसे पातळ होतात तसतसे त्यांच्याखालचे पुराण खडक वर येऊ लागतात. वणीच्या अंगाला गोंडवन काळचे वालुकाश्म आणि त्यांच्या पोटात दगडी कोळसा, तर पैनगंगेकडे त्याहूनही कितीतरी प्राचीन असे चुनखडक व शेल. साधी विहीर खणली तर ती काळी माती आणि मुरूम भेदून वरच्या झिजलेल्या दगडात थांबते. तिच्यातले पाणी गेल्या एकदोन पावसाळ्यांचे असते. ते दगडाच्या सहवासात फार काळ राहिलेले नसते. शेकडो फूट खाली भेगांत साठलेले पाणी मात्र फार जुने असते, आणि दीर्घ सहवासात ते दगडातील खनिजे थोडी थोडी विरघळवून घेते. त्यात फ्लोराईडधारी खनिजेही आली.

परंतु नुसते जुनेपण पुरेसे नाही. खरी गोम कॅल्शियममध्ये आहे. कॅल्शियम आणि फ्लोराईड एकत्र आले की त्यांचे पाण्यात फार थोडे विरघळणारे खनिज बनते, आणि म्हणून ज्या पाण्यात कॅल्शियम विपुल त्यात फ्लोराईडला फारसे राहता येत नाही. खोलवर मुरणाऱ्या पाण्यातला चुना मात्र वाटेत खाली बसत जातो, चिकणमातीतील खनिजे त्याचे कॅल्शियम स्वतःकडे ठेवून बदल्यात सोडियम देतात, पाणी क्षारधर्मी होते, आणि फ्लोराईडला रोखणारा पहारेकरीच नाहीसा होतो. पांढरकवडा परिसरातील पाण्याचा अभ्यास करून भूशास्त्रज्ञांनी ‘करंट सायन्स’मध्ये २००७ साली जे निष्कर्ष मांडले, त्यांतही दोष मुख्यतः खोल कूपनलिकांकडेच जातो.

यातून निघणारा परिणाम स्वयंपाकघरातल्या अनुभवाच्या नेमका उलट पडतो. आपल्याकडे पाण्याची परीक्षा बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या डाळीवरून केली आहे: ज्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजते, साबणाला फेस येतो, भांड्याला पांढरा थर धरत नाही, ते पाणी चांगले, ज्यात डाळ दडदडीत राहते ते जड, कठीण, टाकाऊ. ही परीक्षा खोटी नाही, कारण कॅल्शियम डाळीच्या पेशींना एकत्र धरणाऱ्या द्रव्याशी संयोग पावून तिला मऊ होऊ देत नाही. पण जे कॅल्शियम डाळ शिजू देत नाही तेच फ्लोराईडलाही टिकू देत नाही. म्हणून या पट्ट्यातील खोल पाण्यांपुरते बोलायचे तर गृहिणीने नावाजलेले हलके पाणी अधिक संशयास्पद आणि तिने नाके मुरडलेले जड पाणी पुष्कळदा कमी धोक्याचे. सगळे हलके पाणी दूषित असते असा याचा अर्थ मुळीच नव्हे. पावसाचे पाणी सर्वांत हलके आणि ते या बाबतीत पूर्ण निरपराध आहे. चव, रंग, वास आणि डाळ या चारही साक्षीदारांना ज्याविषयी काहीच सांगता येत नाही असा हा आरोपी आहे, एवढेच यातून सिद्ध होते.

आता या गोष्टीची दुसरी बाजू न्यायबुद्धीने मांडली पाहिजे. कारण हापशीला गुन्हेगार ठरवून मोकळे होणे हा पुन्हा जवळच्याच कारणावर समाधान मानण्याचा प्रकार होईल. हापशी येण्यापूर्वीच्या पाण्याचे गोडवे गाणाऱ्यांनी नारूचे स्मरण करावे. पायऱ्यांच्या विहिरीत माणूस उतरे, त्याच्या पायाच्या फोडातून नारूची मादी पाण्यात अळ्या सोडी, त्या अळ्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या जलपिसवांच्या पोटात जात, आणि ते पाणी पिणाऱ्याच्या अंगातून वर्षभराने हातभर लांबीचा जंत बाहेर पडे. ऐन पेरणीच्या हंगामात माणसे महिनोन्‌महिने खाटेला खिळत. पटकीची साथ आली म्हणजे तर काही दिवसांत वस्त्या उजाड होत. कोणाचा पाय बुडणार नाही असे झाकलेले पाणी, एवढ्या साध्या उपायाने यांपैकी बराच अनर्थ टळणार होता. आणि तो टळला. भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र जागतिक आरोग्य संघटनेने २००० साली दिले, त्यात ज्या साधनांचा वाटा होता त्यांत हापशीचे स्थान पहिल्या पंक्तीत आहे.

तिच्या जन्मकथेत तर महाराष्ट्राला अभिमान वाटावा असा भाग आहे. परदेशी नमुन्याचे बिडाचे पंप एकेका कुटुंबाच्या वापरासाठी बनवलेले. सबंध गाव त्यांच्यावर लोटले की ते काही आठवड्यांत मोडून पडत. कठीण खडकात कूपनलिका खोदणाऱ्या मिशनच्या मंडळींनी जालना येथे टिकाऊ पोलादी पंपाचा एक नमुना बनवला. पुढे सोलापुरात तो सुधारला गेला आणि ‘सोलापूर पंप’ म्हणून ओळखला जाऊ लागला. १९७२ च्या दुष्काळाने खोल पाण्याची निकड सर्वांना पटवून दिली होती. युनिसेफने सोलापूरचाच नमुना आधाराला घेऊन ‘इंडिया मार्क टू’ हा पंप सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात सिद्ध करविला, आणि तो भारतातच नव्हे तर आफ्रिकेतल्या खेड्यांतही जाऊन पोचला. एवढे लोकोपयोगी यंत्र विसाव्या शतकात आपल्या भूमीवर दुसरे क्वचितच झाले असेल.

आणि माझ्या मते विचाराचे खरे मर्म येथेच आहे. अपयशाची चौकशी होते. त्याच्यावर समित्या नेमल्या जातात, अहवाल लिहिले जातात, कोणाचा तरी खुलासा मागवला जातो. यशाची चौकशी होत नाही. ज्या उपायाने पटकी हटवली, नारूचे निर्मूलन केले, त्याच्याकडे दुसऱ्या कोणत्या अपराधाच्या संशयाने पाहणे हे कृतघ्नपणाचे वाटते, आणि म्हणून विजयी उपाय हा उलटतपासणीवाचून सुटणारा एकमेव साक्षीदार ठरतो. पाणी ‘शुद्ध’ आहे काय, हा प्रश्न आपण विचारला. पण शुद्ध म्हणजे जंतुरहित, एवढाच त्या प्रश्नाचा अर्थ धरला. उत्तर बरोबर होते; प्रश्नच अपुरा होता. आजही ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पाण्यात टीसीएल पावडर टाकतो आणि कर्तव्य बजावल्याचे समाधान मानतो. त्या पावडरीने जंतू मरतात, परंतु फ्लोराईडच्या एका कणालाही धक्का लागत नाही. पाणी उकळून प्या, हा शाळेपासून शिकवलेला उपदेश तर येथे उलटतो, कारण उकळताना पाणी वाफ होऊन जाते आणि फ्लोराईड मागे राहून उलट दाट होते.

हे केवळ आपल्याच मुलखात घडले असते तर स्थानिक गलथानपणा म्हणून सोडून देता आले असते. बांगलादेशात याच सद्धेतूने, पटकी व अतिसार टाळण्यासाठी, लक्षावधी नलिका खोदल्या गेल्या आणि पुढे त्यांतील पुष्कळांच्या पाण्यात सोमल म्हणजे आर्सेनिक निघाले. १९९२ साली ब्रिटिश भूशास्त्र सर्वेक्षणाने तेथील काही नलिकांचे पाणी तपासले होते. अनेक मूलद्रव्ये मोजली, आर्सेनिक मोजले नाही. पुढे विषबाधा झालेल्या एका रहिवाशाने लंडनच्या न्यायालयात दाद मागितली तेव्हा तो वाद हाऊस ऑफ लॉर्ड्‌सपर्यंत गेला आणि २००६ साली असा निवाडा झाला, की जे तपासले नाही त्याबद्दल त्या संस्थेवर त्या रहिवाशाप्रत कायदेशीर जबाबदारी येत नाही. कायद्याच्या दृष्टीने तो निवाडा योग्य असेलही. परंतु समाजाच्या दृष्टीने त्यातून एक भीषण तत्त्व निष्पन्न होते: न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरदायित्व कोणाचेच नसते. दात आणि हाडे मात्र कोणाची तरी असतात.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो वजनदार आहे. पटकीने मूल आज मरते, फ्लोराईडने मनुष्य चाळीस वर्षांनी वाकतो. तातडीच्या मृत्यूपुढे संथ व्याधीचा विचार करीत बसणे ही चैन गरीब देशाला परवडली असती काय? निवड या दोहोंतच असती तर मीही निःसंशय हापशीच्याच बाजूने कौल दिला असता. पण ती तशी नव्हती. खोदकामावर जो खर्च झाला त्याच्या मानाने एका बाटलीभर पाण्याच्या परीक्षेचा खर्च नगण्य होता. आणि ज्या नलिकेत दोष निघाला असता तिच्या शेजारच्या उथळ विहिरीला कठडा, झाकण आणि पंप बसवून पटकी व फ्लोराईड दोन्ही टाळता येणे पुष्कळ ठिकाणी शक्य होते. उणीव पैशाची असण्यापेक्षा खातेवाटपाची अधिक होती. नेल्लोरचे ज्ञान वैद्यकाच्या कपाटात होते, खडकाचे ज्ञान भूशास्त्राच्या दप्तरात, आणि खोदाईचे यंत्र पाणीपुरवठ्याच्या ताब्यात. या तिघांची गाठ घालून देण्याची तजवीज कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हती. कुतूहल ही वैयक्तिक हौस आहे अशी आपली समजूत असते. वस्तुतः एका खात्याने दुसऱ्या खात्याचे दप्तर चाळावे, एवढेच सार्वजनिक कुतूहल त्या काळी असते तर मारेगावाकडच्या कित्येक कंबरा आज सरळ असत्या.

मानकांच्या बाबतीतही हाच अपुरेपणा आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅम फ्लोराईड स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोतच नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेता येते. पण शरीरात जाते ती मात्रा, प्रमाण नव्हे. दिवसाला दोन लिटर पाणी पिणाऱ्या कचेरीतल्या माणसाला दीड मिलिग्रॅमच्या पाण्यातून तीन मिलिग्रॅम मिळेल. वैशाखाच्या उन्हात पऱ्हाट्या उपटणाऱ्या, सहा लिटर पाणी पिणाऱ्या मजुराला त्याच हापशीतून नऊ मिलिग्रॅम मिळेल. कागदावर दोघांचे पाणी सारखेच सुरक्षित. त्यावर मजुराच्या आहारात दूध नाही, तीळ क्वचित, म्हणजे फ्लोराईडचा मार्ग अडवणारे कॅल्शियमही उणे. निसर्ग ज्या ठिकाणी एक अन्याय करतो तेथे समाजाने केलेले दोन अन्याय आधीच हजर असतात.

उपायांची कमतरता मात्र नाही, आणि तेही पुष्कळसे जवळचेच आहेत. तुरटी व चुना यांनी फ्लोराईड खाली बसवण्याची पद्धत नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेत सत्तरच्या दशकात सिद्ध झाली. तिला नाव मिळाले ते तेलंगणातील नालगोंडाचे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी शाळकरी मुलांना रोज चिंच देऊन, तिने मूत्रावाटे अधिक फ्लोराईड बाहेर पडते असे २००२ साली दाखवून दिले. आणि चिंच ही काही आमच्या मुलखाला परकी नव्हे. वीस चौरस मीटरच्या छपरावर वर्षाला नऊशे मिलिमीटर पाऊस धरला तरी अठरा हजार लिटर पाणी पडते. पाच माणसांना पिण्या-रांधण्यास दररोज पंचवीस लिटर लागले तर वर्षाची गरज नऊ हजार सव्वाशे लिटर, म्हणजे निम्मे वाया गेले तरी हिशेब जवळजवळ जमतो, फक्त साठवणीचे टाके हवे. जुन्या विहिरींचा गाळ काढून, त्यांना कठडे बांधून, त्यांत नेमाने टीसीएल टाकले तर जंतूंचा प्रश्नही सुटतो. गावोगावी येऊ लागलेले फिल्टरचे जार हाही एक मार्ग आहे. पण फिल्टरच्या यंत्रातून फ्लोराईडबरोबर कॅल्शियमही जाते, आणि जे फ्लोराईड वेगळे काढले ते सांडपाण्यातून पुन्हा कोठे मुरते हे पाहणारा कोणी नसतो. म्हणजे या नव्या यशालाही उलटतपासणी चुकवता येणार नाही.

ती उलटतपासणी करण्याचे साधन महागडे नाही. जल जीवन मिशनखाली गावातील पाच महिलांना पाणी तपासण्याच्या संचाचे प्रशिक्षण देण्याची योजना आहे; स्रोत बदलला, नवी नलिका खोदली, नळाची योजना बंद पडून लोक हापशीकडे परतले, अशा प्रत्येक वेळी त्या संचाचा उपयोग झाला पाहिजे आणि आकडा ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहिला गेला पाहिजे. त्या आकड्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. दरवर्षी जून महिन्यात जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेतील तिसरीच्या मुलांचे पुढचे दात पाहावेत. ते पाहण्यास रसायन लागत नाही, वीज लागत नाही, निधीची मंजुरी लागत नाही. आणि गेल्या सात-आठ वर्षांत त्या गावाने खरोखर कोणते पाणी प्यायले, अहवालात काहीही लिहिलेले असो, त्याचा पंचनामा तेथे तयार असतो. एका वर्गात चारपाच मुलांचे दात सारखेच डागाळलेले निघाले, तर मुलांना दात घासण्याचा उपदेश करण्याआधी पाण्याच्या स्रोताला जाब विचारावा. ज्या दिवशी शिक्षकाच्या तोंडून पहिला प्रश्न ‘खर्रा खातोस का?’ असा न निघता ‘पाणी कोठचे पितोस?’ असा निघेल, त्या दिवशी या मुलखात विज्ञान पोचले असे म्हणता येईल; त्याआधी पोचली आहेत ती केवळ त्याची यंत्रे.